खासदार निवृत्त झाला की जागा चुरशीची होते का? अमेरिकेतल्या 'मोकळ्या' जागांचं गणित

नोव्हेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) प्रतिनिधिगृहातल्या दोन डेमोक्रॅट सदस्यांनी लागोपाठच्या दिवशी सांगितलं, की २०२६ला आपण पुन्हा उभे राहणार नाही. ५ तारखेला मेन राज्याचे जॅरेड गोल्डन, ६ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या नॅन्सी पलोसी. पलोसी १९८७पासून सभागृहात आहेत, दोनदा सभापती झाल्या, त्यामुळे त्यांची बातमी जगभर गाजली. गोल्डन यांचं नाव मेनबाहेर फारसं कुणाला माहीतही नव्हतं. पण ३ नोव्हेंबर २०२६च्या निवडणुकीत सभागृह कुणाकडे जाणार, हे ज्यांना मोजायचं होतं त्यांनी पलोसींची बातमी वाचून बाजूला ठेवली आणि गोल्डन यांच्या मतदारसंघाची आकडेवारी उघडली. पलोसींच्या जागी जो येईल तो डेमोक्रॅटच असेल. गोल्डन यांच्या जागी कोण येईल, याची तशी खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं.

निवृत्ती दोघांचीही, पण एक जागा पक्षासाठी निर्धास्त आणि दुसरी धोक्यात. हा फरक नेमका कुठून येतो, ते पाहू.

### मोकळी जागा म्हणजे काय

ज्या निवडणुकीत त्या मतदारसंघाचा विद्यमान सदस्य मतपत्रिकेवरच नाही, ती मोकळी जागा. तो निवृत्त झाला असेल, सिनेट किंवा गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उतरला असेल, किंवा प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हरला असेल. सदस्य मुदतीच्या मधेच वारला किंवा राजीनामा देऊन गेला तर ती रिक्त जागा, आणि तिच्यासाठी पोटनिवडणूक होते. इथे आपण मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलतोय. यात सदस्य ३ जानेवारीपर्यंत, म्हणजे नवं सभागृह बसेपर्यंत, पदावर असतो. फक्त पुढची निवडणूक लढवत नाही.

प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत आणि दर दोन वर्षांनी सगळ्याच्या सगळ्या निवडणुकीला जातात. पुन्हा उभे राहणाऱ्या सदस्यांपैकी साधारण ९० टक्क्यांहून जास्त निवडून येतात. २०१०मध्ये डेमोक्रॅटांचं पानिपत झालं, त्या वर्षीही हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास राहिलं. म्हणजे बसलेल्या माणसाला उठवणं अवघड. तो आपणहून उठला तरच बाकीच्यांना खरी संधी.

२०२४च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना २२० आणि डेमोक्रॅटांना २१५ जागा मिळाल्या. बहुमताला २१८ लागतात. तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या की सभागृहाचा मालक बदलतो. इतक्या कमी अंतरामुळेच एकेका निवृत्तीच्या घोषणेवर पक्षाचे हिशेब नव्याने मांडले जातात.

### बसलेल्या माणसाकडे असतं काय

गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांचा दवाखाना आठवा. त्यांची पदवी शेजारच्या नव्या डॉक्टरएवढीच. पण त्यांना तुमच्या घरातल्या सगळ्यांची दुखणी माहीत असतात, म्हणून पाय तिकडेच वळतात. त्यांनी दवाखाना बंद केला की त्यांचे पेशंट आपोआप त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरकडे जात नाहीत. प्रत्येक घर नव्याने विचार करतं. खासदाराच्या वैयक्तिक मतांचंही असंच होतं.

ही वैयक्तिक मतं जमतात ती कामांतून. प्रत्येक सदस्याला १८ पूर्णवेळ कर्मचारी ठेवता येतात, शिवाय अर्धवेळ वगैरे आणखी चार. त्यातले बरेचसे मतदारसंघातल्या कार्यालयात बसून लोकांची सरकारदरबारी अडकलेली कामं सोडवतात. कुणाचा पासपोर्ट, कुणाची सोशल सिक्युरिटीची रक्कम, माजी सैनिकाचं वैद्यकीय देणं, ग्रीन कार्डाची रखडलेली फाइल. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा काँग्रेसशी पहिला संबंध येतो तो असल्याच कामातून. (तुमचं असं काम चालू असताना खासदार निवृत्त होत असेल तर एक लक्षात ठेवा. फाइल साधारणपणे तुमच्या लेखी संमतीशिवाय नव्या सदस्याकडे जात नाही. डिसेंबरातच कार्यालयाला विचारून घेतलेलं बरं.)

दुसरी गोष्ट पैसा. २०२५-२६च्या चक्रात एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीमागे ३,५०० डॉलरच देता येतात. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरल्या जातात, म्हणजे एकूण ७,०००. या मर्यादेत राहून मोठी रक्कम उभी करायला हजारो देणगीदारांची यादी लागते आणि ती वर्षानुवर्षं जमवावी लागते. विद्यमान सदस्याकडे ती असते. नव्या उमेदवाराची सुरुवात शून्यापासून.

"मग पक्षाच्या बाहेरचे श्रीमंत गट पैसा ओततीलच की," असं कुणी म्हणेल. ओततात. पण त्यांचा डॉलर कमी चालतो. प्रायमरीआधीचे ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस टीव्ही वाहिन्यांनी उमेदवाराला सर्वांत कमी दरात जाहिरात दिली पाहिजे, असा कायदा आहे. ही सवलत फक्त उमेदवाराला मिळते, बाहेरच्या गटांना नाही. बाहेरचे गट त्याच तीस सेकंदांसाठी बाजारभाव मोजतात, आणि ऑक्टोबरात तो भाव कितीतरी पटींनी चढलेला असतो. म्हणून उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यातला पैसा पक्षाला इतका प्रिय असतो. सदस्य निवृत्त झाला की पक्षाला नेमका हाच स्वस्तात चालणारा पैसा गमवावा लागतो. उरलेला निधी तो पक्षाच्या समितीला हवा तितका देऊ शकतो, पण आपल्या जागी उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला थेट देताना तुटपुंजी मर्यादा आडवी येते.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. ती म्हणजे धाक. ९० टक्के वेळा जिंकणाऱ्या माणसाविरुद्ध कोण उभं राहतं? ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही तो. शहराचा महापौर, राज्याच्या विधिमंडळातला वजनदार सदस्य, सरकारी वकील ही मंडळी आपलं आत्ताचं पद पणाला लावत नाहीत. ती थांबतात. सदस्याने निवृत्ती जाहीर केली की दोन्ही पक्षांतली ही थांबलेली माणसं एकदम बाहेर येतात. लढत चुरशीची होते त्याचं मोठं कारण हे, की दोन्हीकडे पहिल्यांदाच दमदार उमेदवार मिळतात.

### तो गेल्यावर मतदारसंघ उघडा पडतो

सदस्याची वैयक्तिक मतं वजा केली की उरतो मतदारसंघाचा मूळ कल. तो मोजायची सोपी रीत अशी: त्या मतदारसंघात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला किती मतं पडली ते पाहायचं आणि देशाच्या सरासरीशी ताडायचं. शेवटच्या दोन निवडणुकांचे आकडे घेतले तर चित्र अधिक भरवशाचं येतं.

गोल्डन यांच्या मेन राज्यातल्या दुसऱ्या मतदारसंघाला हे लावून बघू. २०२४मध्ये तिथे ट्रम्प यांना नऊ टक्क्यांहून जास्त आघाडी होती. त्याच दिवशी, त्याच मतपेटीत गोल्डन डेमोक्रॅट असूनही एक टक्क्याहून कमी फरकाने निवडून आले. म्हणजे सुमारे दहा टक्क्यांचं अंतर त्या एका माणसाने भरून काढलं होतं. हा माजी मरीन सैनिक आपल्या पक्षाविरुद्ध मत द्यायला कचरत नसे. तो गेल्यावर डेमोक्रॅटांच्या नव्या उमेदवाराला ते दहा टक्के वारशात मिळणार नाहीत. रिपब्लिकनांकडून माजी गव्हर्नर पॉल लपाज आधीच मैदानात उतरलेले होते.

याचं नेमकं उलटं चित्र नेब्रास्काच्या दुसऱ्या मतदारसंघात, म्हणजे ओमाहा शहरात दिसतं. तिथले रिपब्लिकन सदस्य डॉन बेकन यांनी जून २०२५च्या अखेरीस निवृत्ती जाहीर केली. २०२४मध्ये तिथे कमला हॅरिस साडेचार टक्क्यांच्या आसपास पुढे होत्या, आणि बेकन दोन टक्क्यांच्या आतल्या फरकाने तरले. योगायोग असा, की मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं राष्ट्राध्यक्ष निवडताना मतदारसंघनिहाय मतं वाटतात. त्यामुळे या दोन मतदारसंघांचा मूळ कल कुणालाही शोधत बसावा लागत नाही.

राष्ट्राध्यक्षासाठी एका पक्षाला आणि खासदारासाठी दुसऱ्या पक्षाला कौल देणारे असे मतदारसंघ २००८मध्ये ८३ होते. २०२४मध्ये फक्त १६ उरले: १३ ठिकाणी डेमोक्रॅट सदस्य पण ट्रम्पना आघाडी, आणि तीन ठिकाणी रिपब्लिकन सदस्य पण हॅरिस यांना. सगळ्यात स्फोटक निवृत्त्या या सोळांतल्या असतात.

याचं जुनं उदाहरण मायामीचं. इलियाना रोस-लेटिनेन या रिपब्लिकन बाई १९८९पासून तिथून निवडून येत होत्या. २०१६मध्ये त्या मतदारसंघात हिलरी क्लिंटन जवळपास २० टक्क्यांनी पुढे होत्या, तरी रोस-लेटिनेन दहा टक्क्यांनी जिंकल्या. त्यांनी २०१७च्या एप्रिलअखेर निवृत्ती सांगितली आणि २०१८मध्ये डेमोक्रॅट डॉना शलेला यांनी ती जागा घेतली. गंमत पुढे आहे. दोनच वर्षांनी, २०२०मध्ये, मारिया एल्विरा सालाझार यांनी ती रिपब्लिकनांकडे परत आणली. मोकळी जागा जिंकणं वेगळं आणि तिथे मुळं धरणं वेगळं. नव्या सदस्याची पहिली फेरनिवडणूक ही त्याची सगळ्यात नाजूक वेळ असते, आणि विरोधी पक्ष ती वेळ साधायला टपलेला असतो.

### मग बहुतेक मोकळ्या जागांवर काहीच का घडत नाही

कारण बहुतेक मतदारसंघांचा मूळ कलच एकतर्फी आहे. पलोसींना २०२४मध्ये ८० टक्क्यांच्या वर मतं होती. तिथून डेमोक्रॅट म्हणून कुणीही उभं राहिलं तरी नोव्हेंबरात चिंता नाही. मोकळी जागा आणि चुरशीची जागा यांत गल्लत करणाऱ्या बातम्या दर दोन वर्षांनी येतात. 'अमुक पक्षाचे इतके सदस्य निवृत्त, म्हणजे पक्ष बुडाला' हे गणित त्यामुळेच फसतं. किती गेले हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. कुठून गेले ते विचारा.

पण निर्धास्त जागेवर लढत नसते असं नाही. ती फक्त काही महिने आधी, प्रायमरीत होते. अमेरिकेत तिकीट पक्षश्रेष्ठी देत नाहीत. पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात आणि त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात.

मराठी वाचकाला याचं जवळचं उदाहरण म्हणजे श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला हा माणूस २०२२मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये गेला, तो मोकळ्या जागेमुळेच. मिशिगनमध्ये मतदारसंघांची नव्याने आखणी झाली होती. तिथल्या दोन विद्यमान सदस्यांपैकी ब्रेंडा लॉरेन्स यांनी जानेवारीत निवृत्ती जाहीर केली आणि रशीदा तलैब शेजारच्या मतदारसंघात गेल्या. मोकळ्या झालेल्या जागेच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ जण उतरले. ठाणेदारांनी स्वतःचा पैसा मोठ्या प्रमाणावर लावला आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. ऑगस्टमध्येच खेळ संपला होता. नोव्हेंबरात त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली. मिशिगनमध्ये प्रायमरीला निम्म्या मतांची अट नाही, सर्वाधिक मतं पुरतात. टेक्साससारख्या राज्यात पहिल्या दोघांची दुसरी फेरी झाली असती आणि निकाल वेगळाही लागू शकला असता.

सध्याच्या सभागृहातल्या भारतीय वंशाच्या सहा सदस्यांकडे या नजरेने पाहा. राजा कृष्णमूर्ती, प्रमिला जयपाल, श्री ठाणेदार, सुहास सुब्रमण्यम हे चौघं मोकळ्या जागेवरून आत आले. कृष्णमूर्ती तर त्याच मतदारसंघात २०१२ला टॅमी डकवर्थ यांच्याकडून प्रायमरी हरले होते. २०१६ला डकवर्थ सिनेटकडे वळल्या आणि यांना दार उघडं मिळालं. उरलेले दोघं, अमी बेरा आणि रो खन्ना, यांनी मात्र विद्यमान सदस्याला हरवलं. दोघांनाही त्याच माणसाविरुद्ध पहिल्या वेळी हार खावी लागली होती. नवख्यांसाठी रस्ता कुठून जातो ते यावरून दिसतं.

### सदस्य जातात तरी का

वय आणि आजारपण आहेच. सुब्रमण्यम यांच्या आधीच्या जेनिफर वेक्सटन यांना दुर्धर मेंदूविकाराचं निदान झालं होतं. पण बऱ्याच वेळा कारण नियमांत दडलेलं असतं.

रिपब्लिकन पक्षात समितीचं अध्यक्षपद सलग सहा वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. १९९५पासूनची ही रीत. अध्यक्ष म्हणून सत्ता उपभोगल्यावर पुन्हा मागच्या बाकावर बसायला कुणाला आवडेल? २०१८मध्ये परराष्ट्र व्यवहार समितीचे एड रॉइस, न्याय समितीचे बॉब गुडलॅट, वित्तसेवा समितीचे जेब हेन्सरलिंग, विज्ञान समितीचे लमार स्मिथ असे अध्यक्ष ओळीने गेले, त्याचं एक मोठं कारण हे होतं.

त्याहून मासलेवाईक प्रकार १९९२चा. त्या वर्षी ६५ सदस्यांनी पुन्हा न लढण्याचा निर्णय घेतला. त्या वर्षी मतदारसंघांची नवी आखणी होती, सभागृहाच्या अंतर्गत बँकेचं प्रकरणही गाजत होतं. पण आणखी एक आमिष होतं. जानेवारी १९८०च्या आधीपासून असलेल्या सदस्यांना प्रचाराचा उरलेला निधी निवृत्तीनंतर खासगी वापराला घेता येत असे. १९८९च्या कायद्याने ही पळवाट बुजवली, पण १९९३चं सभागृह सुरू होण्याआधी जाणाऱ्यांना सूट ठेवली. ज्यांच्या खात्यात लाखो डॉलर पडून होते त्यांच्यासाठी १९९२ ही शेवटची गाडी होती.

आज तो मार्ग बंद आहे. पगार २००९पासून १,७४,००० डॉलरवर गोठलेला आहे. निवृत्तिवेतन पाच वर्षांच्या सेवेनंतर लागू होतं, आणि पन्नाशी गाठलेल्या सदस्याला वीस वर्षांच्या सेवेवर ते पूर्ण मिळू लागतं. खासगी क्षेत्रात दुप्पट-तिप्पट मिळत असताना अल्पमतात बसून राहण्याला मन धजत नाही, म्हणून अल्पमतात जाण्याची चाहूल लागली की निवृत्त्या वाढतात. म्हणजे निवृत्ती हे पराभवाचं कारण असतं तसंच पराभवाच्या भीतीचं लक्षणही असतं. आकडे वाचताना हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि तिथेच पुढचा आक्षेप येतो.

### "लाटेत तो राहिला असता तरी पडलाच असता ना?"

अनेकदा, हो. कॅलिफोर्नियाची ऑरेंज काउंटी यासाठी उत्तम प्रयोगशाळा आहे. २०१८च्या ८ जानेवारीला एड रॉइस आणि १० जानेवारीला डॅरेल आयसा, अशा दोन रिपब्लिकन सदस्यांनी माघार घेतली. दोन्ही जागा डेमोक्रॅटांकडे गेल्या. रॉइस २०१६मध्ये सुमारे १४ टक्क्यांनी जिंकले होते, आणि २०१८मध्ये त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या यंग किम सुमारे तीन टक्क्यांनी हरल्या. म्हणजे फरकात सतराएक टक्क्यांची उलथापालथ. सगळं खापर निवृत्तीवर फोडावं असं वाटतं.

पण शेजारच्या मतदारसंघात मिमी वॉल्टर्स या रिपब्लिकन सदस्य मैदान सोडून गेल्या नव्हत्या. त्या २०१६मध्ये सुमारे १७ टक्क्यांनी जिंकलेल्या, २०१८मध्ये केटी पोर्टर यांच्याकडून चार टक्क्यांनी हरल्या. उलथापालथ एकवीस टक्क्यांची, म्हणजे मोकळ्या जागेपेक्षाही जास्त. डेना रोराबाकर तर तीस वर्षं सदस्य होते, तेही पडले. त्या वर्षी डेमोक्रॅटांनी देशभरात ४० जागा कमावल्या. लाट एवढी मोठी असली की निवृत्तीचा वाटा त्यात बुडून जातो.

वैयक्तिक मतांचं मोलच आता घटलंय. १९७०-८०च्या दशकांत विद्यमान सदस्याचा फायदा आठ-दहा टक्क्यांचा धरत. अलीकडे तो सर्वसाधारणपणे दोन-तीन टक्क्यांवर आला आहे, कारण मतदार आता माणसापेक्षा पक्षाचं चिन्ह पाहून शिक्का मारतात. गोल्डन यांच्यासारखे दहा टक्के राखणारे अपवाद. दोन-तीन टक्के कमी वाटतील, पण जी जागा एका टक्क्याने ठरते तिथे तेवढेच पुरतात.

आणि मूळ कलाचा आकडाही नेहमी खरा ठरत नाही. टेक्सासच्या सीमेवरच्या २३व्या मतदारसंघात रिपब्लिकन विल हर्ड २०१८ला फक्त ९२६ मतांनी वाचले. ऑगस्ट २०१९मध्ये त्यांनी निवृत्ती सांगितली तेव्हा जवळपास सगळ्या निरीक्षकांनी ही जागा डेमोक्रॅटांच्या पारड्यात टाकली. २०२०मध्ये रिपब्लिकन टोनी गोन्झालेस तिथे चार टक्क्यांनी जिंकले. रिओ ग्रांदे नदीकाठचा लॅटिनो मतदार त्याच दोन वर्षांत ट्रम्प यांच्याकडे सरकत होता, आणि कल मोजायला वापरलेली आकडेवारी २०१६ची होती. फूटपट्टी जुनी असली की माप चुकतं.

### "आपल्याकडे तर आमदार बदलला की पक्षाला फायदा होतो"

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात येणारच. आपल्याकडे विद्यमान लोकप्रतिनिधी हे बऱ्याचदा ओझं असतं. नाराजी टाळायला पक्ष तिकीट कापतात. छत्तीसगडमध्ये २०१९च्या लोकसभेला भाजपने आपल्या दहाही खासदारांना घरी बसवलं आणि ११पैकी नऊ जागा जिंकल्या. अमेरिकेत असं करताच येत नाही, कारण कापायला तिकीट श्रेष्ठींच्या हातात नसतं. सदस्याला हटवायचं तर प्रायमरीत हरवावं लागतं, नाहीतर समजूत घालून निवृत्त करावं लागतं.

आपल्याकडे खऱ्या अर्थाने नियमाने जागा मोकळ्या होतात त्या महापालिका आणि पंचायतींत. प्रभागांची आरक्षणाची सोडत निघते आणि तीन-तीन वेळा निवडून आलेल्या नगरसेवकाचा प्रभाग महिलांसाठी राखीव होतो. मग तो पत्नीला उभं करतो किंवा शेजारचा प्रभाग शोधतो. अमेरिकेत याला समांतर म्हणता येईल ती राज्यांच्या विधिमंडळांतली कालमर्यादा. १६ राज्यांत आमदाराला ठराविक वर्षांनंतर उठावंच लागतं. कॅलिफोर्नियात एकूण १२ वर्षं. काँग्रेसच्या सदस्यांवर मात्र राज्यांना अशी मर्यादा घालता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५चा निकाल आहे. आणि घातली तरी मोकळ्या जागा वाढतील, चुरशीच्या तेवढ्या वाढणार नाहीत. मूळ कल एकतर्फी असेल तर माणूस कितीदाही बदला.

### गर्दीत हरण्याची तऱ्हा

मोकळ्या जागेचा एक धोका खास कॅलिफोर्नियाचा आहे. तिथे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत लढतात आणि पहिले दोघं नोव्हेंबरात जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१२मध्ये ३१व्या मतदारसंघाच्या परिसरातले जुने रिपब्लिकन सदस्य जेरी लुइस निवृत्त झाले. नव्या आखणीत तो मतदारसंघ स्पष्टपणे डेमोक्रॅटांकडे झुकला होता. हुरळून जाऊन चार डेमोक्रॅट उभे राहिले, मतं विभागली आणि पहिल्या दोन जागा दोन रिपब्लिकनांनी घेतल्या. ज्या मतदारसंघात ओबामा आरामात जिंकले तिथे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर काँग्रेससाठी एकही डेमोक्रॅट नव्हता. तिसरे आलेले पीट अगिलार २०१४मध्ये पुन्हा आले, तेव्हा २०१२ला ती जागा जिंकलेले रिपब्लिकन गॅरी मिलर निवृत्त होत होते. त्या वेळीही प्रायमरीत अगिलार दुसऱ्या क्रमांकावर फक्त २०९ मतांनी टिकले. आज ते सभागृहातल्या डेमोक्रॅट नेतृत्वात आहेत. २०१८मध्ये रॉइस यांच्या जागेसाठी १७ जण उतरले तेव्हा डेमोक्रॅट पक्षाची पाचावर धारण बसली होती ती याच आठवणीने.

### घोषणा कधी होते, यावर बरंच ठरतं

लवकर सांगितलं तर पक्षाला चांगला उमेदवार शोधायला, पैसा जमवायला, प्रायमरीतले रुसवेफुगवे काढायला वेळ मिळतो. उशिरा सांगितलं तर विरोधकांचा तयारीत असलेला उमेदवार पुढे निघून जातो. पण जिथे जागा पक्षासाठी निर्धास्त आहे तिथे उशीर हे हत्यारही होऊ शकतं. अर्ज भरायची मुदत संपता संपता सदस्याने माघार घेतली आणि आपल्या माणसाचा अर्ज तेवढा भरून ठेवला, की प्रायमरी नावापुरती उरते.

कॅलिफोर्नियाने यावर साधा उपाय केला आहे. विद्यमान सदस्याने मुदतीत अर्ज भरला नाही, तर बाकीच्यांसाठी मुदत आपोआप पाच दिवस वाढते. इलिनॉयमध्ये तशी सोय नाही. तिथे नोव्हेंबर २०२५मध्ये शिकागोचे डेमोक्रॅट सदस्य चुय गार्सिया यांनी ऐन मुदतीच्या टोकाला माघार घेतली. त्यांच्याच चीफ ऑफ स्टाफने (कार्यालयप्रमुखाने) शेवटच्या दिवशी अर्ज भरलेला होता आणि दुसरा डेमोक्रॅट रिंगणात नव्हता. गार्सिया यांनी स्वतःच्या आणि पत्नीच्या प्रकृतीचं व कौटुंबिक जबाबदारीचं कारण दिलं. तरीही त्यांच्याच पक्षाच्या मरी ग्लूसेनकँप पेरेझ यांनी निषेधाचा ठराव मांडला आणि सभागृहाने तो मंजूर केला. ठरावाने निवडणुकीत काही बदलत नाही. अर्जांची मुदत संपली होती ती संपली होती.

त्याच राज्यात याहून पुढची मजल २००४मध्ये गाठली गेली होती. विद्यमान डेमोक्रॅट सदस्य बिल लिपिन्स्की यांनी मार्चमध्ये प्रायमरी जिंकली आणि ऑगस्टमध्ये उमेदवारी सोडली. प्रायमरी होऊन गेल्यामुळे नवा उमेदवार ठरवायचा अधिकार पक्षाच्या स्थानिक समिती सदस्यांकडे आला. त्यांनी टेनेसीत प्राध्यापकी करणाऱ्या त्यांच्या मुलाला, डॅन लिपिन्स्कीला, निवडलं. डॅन त्या जागेवर जानेवारी २०२१पर्यंत राहिले. २०२०च्या प्रायमरीत मरी न्यूमन यांनी त्यांना हरवलं, तेही दुसऱ्या प्रयत्नात.